वॅग्नरचे सिगारेट-चित्र

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची पाचशेहून अधिक रंगीत शिळाछाप चित्रे वाटली. या मालिकेला संग्राहक 'टी-२०६' म्हणतात. मात्र हे नाव कंपनीने दिलेले नसून, जेफरसन बर्डिक या सूचिकाराने आपल्या सूचीत तिला दिलेला तो अनुक्रमांक आहे. पाकिटाला ताठपणा यावा म्हणून मुळात घातल्या जाणाऱ्या या पुठ्ठ्याचा उपयोग गिऱ्हाईकाला मालिका पुरी करण्याची चटक लावण्यासाठी होऊ लागला, आणि याच मालिकेतील पिट्सबर्ग पायरेट्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यानचा क्षेत्ररक्षक, होनस वॅग्नर याचे चित्र दुर्मीळ झाले.

नारिंगी पार्श्वभूमीवरचा वॅग्नर, खाली त्याचे आडनाव आणि शहराचे नाव, एवढाच या चित्राचा ऐवज. शहराच्या स्पेलिंगात शेवटचा 'एच' नाही, पण ती मुद्रकाची चूक नव्हे, कारण १८९० पासून १९११ पर्यंत सरकारी लेखनात तो गाळलाच जात असे. चित्राची छपाई लवकरच थांबली आणि आज त्याच्या सुमारे पन्नास-साठ प्रतीच ज्ञात आहेत. 'स्पोर्टिंग न्यूज'मधील १९१२ च्या वृत्तानुसार, चित्र छापण्यास वॅग्नरची संमती मिळवून दिल्यास एका क्रीडापत्रकाराला दहा डॉलर मिळणार होते. वॅग्नरने नकार कळवला आणि पत्रकाराचे नुकसान होऊ नये म्हणून स्वतःचा दहा डॉलरचा चेक सोबत धाडला. मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून हा नकार होता, असे पुढे रूढ झाले. परंतु वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे आणि त्याचे चित्र पूर्वी सिगारच्या वेष्टनावरही झळकले होते, त्यामुळे मोबदल्याचा वाद हेच खरे कारण असावे, असे मानणारेही आहेत. बाजाराला अर्थात पहिली कथाच अधिक मानवते.

निव्वळ दुर्मिळतेने किंमत ठरत नाही, हे याच मालिकेतून दिसते. जो डॉइल या खेळाडूच्या एका चित्रावर चुकून दुसऱ्या लीगचे नाव छापले गेले आणि लगेच दुरुस्त झाले. त्या सदोष छपाईच्या प्रती वॅग्नरपेक्षा कितीतरी कमी आहेत, तरी भाव वॅग्नरचाच मोठा, कारण १९३६ मध्ये बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'साठी निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच जणांत तो होता.

तिसरा घटक अवस्थेचा. कोपरे, कडा, छपाईचे मध्यस्थान आणि पृष्ठभाग तपासून एक ते दहा असे गुण देण्याच्या पद्धतीला दर्जांकन म्हणतात. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ४,५१,००० डॉलरना घेतलेल्या प्रतीला आठ गुण मिळाले आणि २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरना गेली. पुढे २०१३ मध्ये, तिच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या, अशी कबुली लिलावव्यावसायिक बिल मास्त्रो याने दिली. कड कापणे हा या क्षेत्रातला अक्षम्य दोष, कारण त्याने झिजलेला पुठ्ठा कोरा भासतो. २०२२ मध्ये अवघे दोन गुण असलेली दुसरी एक प्रत ७२.५ लाख डॉलरना विकली गेली, यावरून खरेदीदार पुठ्ठ्याच्या कोरेपणापेक्षा वॅग्नरच्या नावाला पैसे मोजतात, असे म्हणण्यास जागा आहे.

बर्डिकने मात्र आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला, आणि १९६३ मधील आपल्या मृत्यूपूर्वी त्यातील चित्रे स्वतः अल्बममध्ये चिकटवली. चिकटवलेले कार्ड दर्जांकनात हमखास गुण गमावते.