उंटकटाऱ्याचा गोळा उलगडताना

दिवाळीच्या आगेमागे अंबड किंवा भोकरदनकडच्या रस्त्याने जात असाल, तर कापूस-तुरीवरची नजर जरा मुरमाड बांधाकडे वळवा. पिवळ्या पडत चाललेल्या गवतात गुडघा-मांडीएवढं, पांढरट खोडाचं एक काटेरी झाड दिसेल. फांदीच्या टोकाला काट्यांचा गोळा. हा उंटकटारा. सूर्यफुलाच्या कुळातला, आणि आपल्या करडईचा त्याहून जवळचा भाऊबंद.

सूर्यफुलाचं ‘फूल’ हे एक फूल नसून शेकडो फुलांची बैठक असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजेही स्वतंत्र फुलंच. करडईत त्या कडेच्या फुलांना फाटा मिळालाय. उरल्या त्या फक्त नळ्या. उंटकटारा यापुढे जातो. त्याच्या एकेका बैठकीत फूल एकच. अशा कितीतरी एकफुली बैठकी एका गोलावर दाटीने बसतात, तेव्हा तो गोळा तयार होतो.

खात्री करायची तर अर्धा उमललेला गोळा घ्या. जाड कापडाने धरा, कारण काही बैठकींची छदं (फुलाभोवतीची छोटी पानं) लांब काटे होऊन फुलांच्याही बाहेर आलेली असतात. चिमट्याने एक तुकडा उपटा. तळाशी पांढरे राठ केस, त्यावर टोकदार छदांचं वेष्टण आणि आत पाच पाकळ्यांची एक पांढरी नळी दिसेल. शेजारचा तुकडा उपटा, तोही तसाच निघेल.

उमलण्याचा क्रमही हेच सांगतो. सूर्यफूल कडेकडून मध्याकडे उमलतं. उंटकटाऱ्याचा गोळा माथ्याकडून खाली. म्हणजे वरची फुलं जुनी, खालची कळ्यांत. खरी गंमत मात्र नळीत आहे. पाच परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची एक नळकांडी होते आणि पराग तिच्या आतल्या बाजूला सांडतात. मग मधून वाढणारी कुक्षीची दांडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी ते पराग वर ढकलते. मधमाशी येते आणि अंगाला माखून घेऊन जाते. पराग संपत आले की कुक्षीचं टोक दुभंगतं आणि आतला भाग दुसरीकडचे पराग घ्यायला मोकळा होतो. आधी द्यायचं, मग घ्यायचं. त्यामुळे त्या फुलाला स्वतःचेच पराग लागण्याची शक्यता कमी होते.

एवढा उद्योग कोरड्या हवेत चालतो. त्यासाठी पानाची खालची बाजू आणि खोड पांढऱ्या लवीने झाकलेलं असतं. लवीत हवा अडकते आणि पाणी सावकाश उडतं. सोटमूळ खोल जातं. पानाच्या प्रत्येक खंडाच्या टोकाला काटा असल्याने चरणारी गुरं सहसा तोंड लावत नाहीत.

गोळा वाळला की त्याची बांधणी सुटते आणि एकेक बैठक छदांसकट गळते. प्रत्येकीत जास्तीत जास्त एकच बी असतं.