कढीपत्त्यावरची अळी आणि 36 दिवसांची चकती

बदलापूर लोकलमध्ये उभे असाल तर एक हात हँडलला ठेवा, दुसऱ्याने आवाज वाढवा. आजचा विषय एकदम शाळेतला आहे, जीवनचक्र. हसू नका, शेवटी हा विषय थेट आपल्या घरातल्या पाण्याच्या पिंपापर्यंत जाणार आहे.

मी दिवसभर कोड लिहितो. माझी भाची अंबरनाथला चौथीत आहे. तिने प्रोजेक्टचा फोटो पाठवला. थर्माकोलवर साबुदाण्याची अंडी, लोकरीची अळी, मॅकरोनीचा कोष, क्रेप पेपरचं फुलपाखरू आणि मध्ये चार बाण. मस्त दिसत होतं. मी फोन करून विचारलं, "अळी किती दिवस अळी असते गं?" ती म्हणाली, "मामा, ते बाणावर नाही लिहिलेलं."

बरोबरच होतं तिचं. आपली मॉडेल्स आकार दाखवतात, पण वेळ दाखवतच नाहीत. आणि वेळ काढून टाकली तर चक्रात उरतं काय?

मग रविवारी ती माझ्याकडे बदलापूरला आली. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. त्यावर लाईम बटरफ्लाय अंडी घालतं, लिंबाच्या झाडावरही घालतं. छोटी अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की हिरवी होते. अळी चार वेळा कात टाकते. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि वास सोडते. भाची किंचाळली, पण कुंडीपासून हलली नाही.

आता मॉडेल. जाड पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या घ्या. वरच्या चकतीला एक खिडकी कापा, मध्ये टाचणी लावा म्हणजे ती फिरेल. खालची चकती दिवसांप्रमाणे वाटायची. आम्ही साधारण हिशेब धरला: अंडं 4 दिवस, अळी 16, कोष 10, फुलपाखरू 6. एकूण 36. वर्तुळाचे 360 अंश, म्हणजे एका दिवसाला 10 अंश! गणितही झालं. थंडीत दिवस वाढतात, म्हणून आकडे आपल्या कुंडीवर बघून बदलायचे. चकती बघून भाची म्हणाली, "म्हणजे ती अर्ध्यापेक्षा जास्त दिवस अळी किंवा कोषच असते?" थर्माकोलवर चौघांना सारखी जागा होती, त्यामुळे हे कधी कळलंच नव्हतं.

झाडाचंही तसंच आहे. शाळेत आपण ओल्या कापसावर मूग लावतो आणि आठवड्याभरात फेकून देतो. मुगाला बी ते बी साधारण 60 ते 75 दिवस लागतात. 72 धरले तर रोजचे 5 अंश. आठ दिवसांत आपण 40 अंश बघितले, 320 राहिले! शेंग बघितलीच नाही, तर चक्र कसलं? म्हणून ते रोप मातीच्या कुंडीत लावा.

मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 पासूनचं. तिथल्या प्राथमिक विज्ञानाच्या पुस्तकांचा भर यावरच आहे: मुलांनी आधी स्वतः बघावं, करावं, मग लिहावं.

आता पिंपाकडे येऊ. उल्हासनगरला माझ्या आईकडे पाणी आलं की पिंप भरून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी तिथेच मला डेंग्यू झाला होता. भाचीने डासाचीही चकती केली. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात. म्हणजे सात दिवसांच्या आत पिंप रिकामं केलं तर चक्र पूर्णच होत नाही. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' का म्हणतात, ते आता कळलं ना?

पण एक बारीक गोष्ट आहे. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी असतानाही काही महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून चालत नाही, आतून घासायचं, मग घट्ट झाकण.

भाचीने आजीला चकती फिरवून दाखवली. आजी म्हणाली, "मी दर आठवड्याला ओतते की!" भाची म्हणाली, "आजी, पण घासतेस का?" आता ती चकती पिंपाच्या वर भिंतीला टांगलेली आहे, आणि दर रविवारी आजी ब्रश घेते.

तुमच्या घरी चौथी-पाचवीतलं कुणी असेल, तर तयार मॉडेल विकत आणायच्या आधी कढीपत्त्याची पानं उलटून बघा. भेटू पुढच्या भागात!