हातात कसब आहे, दाखला कुठे आहे?

पनवेलहून सुकापूर मागे टाकून नेऱ्याच्या रस्त्याला लागले की समोर माथेरानचे डोंगर आणि प्रबळगड दिसतो. पूर्वी रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती. आता इमारती उभ्या राहताहेत आणि जवळजवळ प्रत्येक खिडकीखाली ए.सी.ची पेटी लटकते आहे. या पेट्या बसवतो कोण? सकाळी सात वाजता नाक्यावर उभे राहा, उत्तर मिळेल. खांद्यावर तांब्याच्या पाइपाचे वेटोळे आणि पिशवीत ड्रिल मशीन घेऊन निघालेल्या त्या घोळक्यात आपल्या वस्तीतली पोरे ओळखू येतात. कुणी ए.सी.वाल्याचा हेल्पर, कुणी पीओपीवाल्याचा, कुणी सुताराचा. दहा-दहा वर्षे झाली तरी हेल्परच.

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही काही मंडळी रविवारी विहारात बसून दहावी झालेल्या मुलांचे फॉर्म भरून देत होतो. एक बाई दोन मुलांना घेऊन आल्या. मुलगा आणि मुलगी दोघेही एकाच वर्षी दहावी पास. (मुलगा मध्ये एकदा बसला होता.) जय भीम झाला आणि त्या म्हणाल्या, "भाऊ, पोराला ए.सी.चं लिवा नि पोरीला कॉमर्सला घाला." आम्ही पेन उघडले, तोच मुलगी हळूच म्हणाली, "काका, उलटं लिहा. ए.सी.चं मला करायचंय."

खरे सांगायचे तर आमच्या तोंडून 'नको' हेच बाहेर पडणार होते. आम्ही स्वतः बी.कॉम. झालो, कारकून झालो आणि दरसाल पोरांना 'कॉमर्स घे' असेच सांगत आलो. आमच्या वडिलांच्या पिढीला खुर्चीवरची नोकरी म्हणजे सुटका वाटे, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण त्या खुर्च्या आता राहिल्यात कुठे? आमच्याच टेबलाभोवती एके काळी अकरा कारकून बसत, आज चौघे बसतो. आमच्या सल्ल्याने बी.कॉम. झालेला शेजारचा एक मुलगा आज मोटरसायकलवरून पार्सले पोचवतो. त्याला लहानपणापासून बंद पडलेले पंखे-मिक्सर उघडायची हौस होती. ती गोष्ट आम्हाला अजून टोचते.

म्हणून त्या दिवशी आधी मुलांच्या वडिलांना बोलावून घेतले. हा गृहस्थ एकोणीस वर्षे फॉल्स सीलिंगच्या कामावर आहे. जिप्समचा बोर्ड तो डोळे झाकून कापील, पण कागदावरचा नकाशा समोर ठेवला की गप्प बसतो. त्याने सांगितलेली हकिगत अशी. एका बंगल्यात छत बंद करून, रंग मारून काम संपले. पंधरा दिवसांत हॉलमध्ये छतातून पाणी टपकू लागले. ए.सी.च्या पाण्याच्या पाइपाला उतारच नव्हता, आणि डिझाइन करणाऱ्याने छतात हात घालायला झडपही ठेवली नव्हती. सगळे छत फोडावे लागले. मजुरी कापली गेली ती मात्र याची. "पाइप माझा नव्हता, नकाशा माझा नव्हता. पन सांगनार कोनाला?" तो म्हणाला.

वाचकहो, इंटिरिअर डिझाइन आणि ए.सी.-फ्रिजचे तंत्र हे दोन वेगळे कोर्स असले तरी एकाच छतात कसे गुंतलेले असतात, ते या गळतीत दिसते. आपल्या कोकणची हवा दमट. ए.सी.ची आतली कॉइल थंड झाली की हवेतला ओलावा तिच्यावर धरतो, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसाच. पावसाळी दिवसात दीड टनाच्या ए.सी.तून तासाला लिटर-दीड लिटर पाणी निघू शकते. ते कुठून जाणार हे नकाशात आधी ठरले नाही तर ते सोफ्यावरच येणार.

हा 'टन' म्हणजे काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मशीनचे वजन नव्हे ते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. १८३३ साली बोस्टनहून जहाजातून कोलकात्याला बर्फ आला, पुढे मुंबईलाही येऊ लागला. गोऱ्या साहेबांच्या आणि शेटजींच्या पेल्यात तो पडे. यंत्रे आल्यावर बर्फाचा धंदा मागे पडला, माप तेवढे उरले.

आणखी एक गोष्ट घरोघरच्या भगिनींनी लक्षात ठेवण्याजोगी. 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' असे मेकॅनिक म्हणाला तर त्याला थांबवा. गॅस म्हणजे स्कूटरचे पेट्रोल नव्हे. कॉम्प्रेसरपासून कंडेन्सर, तिथून बारीक नळीतून कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, असा तो बंद पाइपात फिरत राहतो, खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. साबणाच्या पाण्याने ती शोधायची, सांधा नीट करायचा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, मग वजन करून गॅस भरायचा. ओल राहिली तर तिचा बर्फ होऊन बारीक नळी तुंबू शकते. उस्तादाच्या हाताखालचा हेल्पर हे सगळे पाहतो. पण का करायचे ते त्याला कुणी सांगत नाही, आणि घाईत व्हॅक्यूमच गाळले जाते. हल्ली तर अडाणीपणा जिवावर बेतू शकतो. नव्या फ्रिजांत आर-६००ए आणि काही ए.सी.त आर-२९० गॅस असतो. हे दोन्ही पेट घेणारे. आर-३२ सुद्धा थोडाफार पेटतो. जुना आर-२२ ओझोनला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली हद्दपार होतो आहे. म्हणजे उस्तादाचे जुने ज्ञानही पुरे पडणार नाही.

हे सारे आय.टी.आय.च्या रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगच्या दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये शिकवतात. दहावीला विज्ञान-गणित हवे. 'इंटिरिअर डिझाइन अँड डेकोरेशन' हा ट्रेड एक वर्षाचा. त्यात नकाशा काढणे आणि वाचणे, प्लायवूड-लाद्यांचा हिशेब, ओट्याची उंची, उजेड, रंग हे येते. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. राज्यातल्या संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, आणि त्या ए.सी.च्या ट्रेडलाही लागू आहेत.

इंटिरिअरच्या बाबतीत मात्र सावध राहा. चकचकीत जाहिराती देऊन लाख-दोन लाख फी घेणारी दुकाने पुष्कळ निघाली आहेत. 'आर्किटेक्ट' या नावाला १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे, 'इंटिरिअर डिझायनर'ला तसे नाही, कुणीही पाटी लावू शकतो. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच विचारा : सर्टिफिकेटवर शिक्का कुणाचा?

इंटिरिअर म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असेही कुणी समजू नये. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून माणसे ५०० चौरस फुटांत आली. त्या जागेत म्हाताऱ्यांची खाट, मुलांचे अभ्यासाचे टेबल आणि आल्या-गेल्याची पथारी बसवायला जो डोके चालवील, तो खरा डिझायनर. आपल्या बायका पोटमाळ्याच्या जोरावर हेच काम पिढ्यान्पिढ्या करीत आल्या आहेत.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी त्यात आहे. आम्ही ते उशिरा वाचले. नोकरीतल्या जागांची मागणी आम्हाला पाठ होती, वर्कशॉपची नव्हती.

अमेरिकेतले फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स काळ्या समाजात १८९३ साली जन्मले. लहानपणीच पोरके झाले, शाळा सहावीला सुटली, यंत्रे स्वतःच उघडून शिकले. मालमोटारीत अन्न गार ठेवणारे यंत्र त्यांनी १९३८ च्या सुमारास बनवले. त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले ते १९९१ साली, मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

असो. त्या दिवशी फॉर्म शेवटी मुलीच्या म्हणण्याप्रमाणे 'उलटे' भरले. आईची समजूत घालायला दोन तास लागले. "हिला कामाला कोन बोलावनार, भाऊ? नि रातचं कोनाच्या घरात जानार?" हा प्रश्न खोटा नव्हता, आम्हीही तो हसण्यावारी नेला नाही. पण ए.सी. फक्त लोकांच्या बेडरूममध्ये नसतात. तळोजा एम.आय.डी.सी. आहे, न्हावा-शेवा बंदरात गार कंटेनर उभे असतात, इस्पितळे आहेत. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानेही उडू लागली. मुलगी ए.सी.च्या ट्रेडला लागली. मुलाने कॉमर्सही नाकारले आणि इंटिरिअर धरले. मध्यंतरी त्यांच्याकडे गेलो तर बाप साइटचा नकाशा जमिनीवर पसरून बसला होता आणि मुलगा त्याला 'सेक्शन' म्हणजे काय ते पाव कापून दाखवत होता. मुलगी ड्रेनची रेघ शोधत होती.

यंदा दहावीचा निकाल लागल्यानंतरचे पहिले दोन रविवार आम्ही पुन्हा विहारात बसणार आहोत. आय.टी.आय.चा प्रवेश सरकारी संकेतस्थळावरून एकत्र होतो. कोणत्या संस्थेत कोणता ट्रेड आहे ते यादीत पाहूनच पसंतीक्रम भरू. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आणावा. १९९० च्या दुरुस्तीपासून आपल्याला केंद्राच्या सवलतीही मिळतात, पण त्यासाठी दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो. तो आत्ताच काढून ठेवावा, जूनमध्ये रांग मोठी असते. शिष्यवृत्तीसाठी मुलाच्या नावाचे बँक खाते हवे. मुलीचेही.