फाशांतून निघालेला योद्धा

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला, तेव्हा पात्राचे गुण खेळाडू ठरवत नसे, फासे ठरवत. तीन फासे टाकायचे, बेरीज लिहायची. आधी ताकद, मग बुद्धी, पुढचे चार गुणही ओळीनेच. १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये एक, ३ ची तेवढीच!

पुढे चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडायची पद्धत रुळली. सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास गेली, पात्रं दणकट झाली.

मला जुनीच रीत आवडते. माझ्या एका योद्ध्याची बुद्धी आली ५. नकाशा त्याला कळेना, म्हणून तो प्रत्येक वळणावर भिंतीवर खडूने फुली मारायचा. भुयारात मशाली विझत आल्या, तेव्हा सगळे त्या फुल्यांवरूनच बाहेर पडले.