स्तुतीही तिळगुळासारखी घ्यावी

विवाहानंतरच्या पहिल्या मकरसंक्रांतीला नववधूस काळी चंद्रकळा नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी सजविण्याची आपली रीत. मंद आचेवरील परातीत तीळ, खसखस घोळवीत, पाक थेंबाथेंबाने सोडीत बसावे, बोटे पोळून घ्यावीत, तेव्हा कुठे हलव्याला काटा फुटतो; मग त्याचे हार, बाजूबंद, तोडे घडतात.

एका यजमानांच्या घरी सुनेने स्वतः केलेल्या अशा दागिन्यांची हळदीकुंकवास आलेल्या एका सुवासिनीने मनापासून प्रशंसा केली. सून संकोचून म्हणाली, "छे, कसले! अगदी ओबडधोबड झाले आहेत." ती सुवासिनी ओशाळली, आणि चार रात्री जागून सुनेला काटा आणावयास शिकविणाऱ्या वृद्ध आत्याबाईंचा चेहरा उतरला.

'विनय' शब्दाचा धात्वर्थ वळण लावणे असा आहे, स्वतःस हिणविणे असा नव्हे. माता-भगिनींनो, अशा वेळी "आपल्याला आवडले, श्रम सार्थकी लागले, आत्याबाईंनी शिकविले हो," एवढेच म्हणावे आणि हलव्याचे चार दाणे समोरच्या हातावर ठेवावेत. दिलेला तिळगूळ आपण कधी परत करतो का? तो घ्यावा, आपलाही द्यावा. स्तुतीचेही तसेच आहे.