केस गळू लागले तर?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक विलक्षण प्रकार घडला. बोंडगाव, कालवड अशा काही गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटे, मग ओढताच केस हातात येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. प्रथम पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्णांच्या रक्तात व केसांत सेलेनियम फार अधिक आणि जस्त कमी आढळले. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले. तरुण मुले मात्र लाजेने घराबाहेर पडेनात.

या प्रकारातून आपण एवढे घ्यावे की, केसांचे गळणे हे पुष्कळदा शरीराने दिलेली सूचना असते. ती झाकून ठेवू नये.

निरोगी माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळतात. तेव्हा फणीत चार केस दिसताच घाबरण्याचे कारण नाही. किती गळतात यापेक्षा कसे गळतात, हे पाहावे.

सगळ्या डोक्याचे केस एकाएकी विरळ होऊ लागले, तर मागील दोन-तीन महिने आठवावेत. बाळंतपण, विषमज्वर, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया किंवा अति उपास यांचा परिणाम इतक्या उशिराने दिसतो. असे केस बहुधा सहा महिन्यांत पुन्हा येतात. न आले, तर रक्तक्षय व थायरॉइडची तपासणी करवावी.

पुरुषांचे कपाळाच्या दोन्ही बाजूंनी व टाळूवर, स्त्रियांचे भांग रुंदावत जाऊन केस कमी होतात, ते बहुतांशी आनुवंशिक. येथे औषध मुख्यतः आहेत ते केस राखते. गेलेले सारे परत आणीत नाही. म्हणून उपाय लवकर हवा. घट्ट वेण्यांनी कपाळाकडचे केस ओढले जात असतील, तर वेणी सैल घालणे हाच पहिला उपचार.

रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा म्हणजे चाई. ती किड्याने लागत नाही व एकाची दुसऱ्यास होत नाही. शरीराची रक्षणशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तेथे खरखरीत वस्तू घासून रक्त काढणे व्यर्थ होय.

परंतु मुलांच्या डोक्यावर चट्टा असून खाज, खपल्या आणि तुटके केस दिसले, तर ते गजकर्ण समजावे. ते संसर्गजन्य असते आणि नुसत्या मलमाने जात नाही. पोटातून औषध घ्यावे लागते.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या वर्गातील एक मुलगा टोपी काढीत नसे. शिस्त म्हणून मी त्याला सर्वांदेखत दटावले. टोपीखाली सुजलेला, पू धरलेला चट्टा होता. मुले हसली. घरी दोन महिने निरनिराळे लेप चालले होते. औषधाने मुलगा बरा झाला, पण त्या जागी केस पुन्हा उगवले नाहीत. आधी त्याला बाजूला बोलावून विचारले असते तर, असे अजून वाटते.

तेव्हा थांबू नये ते केव्हा? थोड्या दिवसांत केसांचे पुंजके निघू लागले, चट्टा पडला, कातडी लाल, दुखरी वा पू असलेली दिसली, भुवयाही गळू लागल्या किंवा एका घरात अनेकांना त्रास झाला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. कातडी चकचकीत होऊन केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली, तर तेथे केस येण्याची आशा फार थोडी उरते. आपल्या ग्वाल्हेरीत जयारोग्य रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. जाताना मागील सहा महिन्यांतील आजार, औषधे व आहार लिहून न्यावा.

आयाबहिणींनी मुलांची वेणी घालताना, भांग पाडताना डोक्याकडे जरा निरखून पाहावे. आणि कोणी डोके झाकून बसले असेल, तर हसण्याआधी त्याची चौकशी करावी.