डोळ्यावर भिंग नेमके कसे बसते?

जोडा शिवून घ्यावयास गेलो म्हणजे कसबी कारागीर पायाची लांबी तेवढी पाहून थांबत नाही. चवड्याची रुंदी, घोट्याची उंची, अंगठ्याशेजारचे हाड या साऱ्यांची तो नोंद घेतो. मापाचा असूनही जोडा चावतो, हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांच्या पदरी असेल. डोळ्यावर बसवावयाच्या भिंगाचीही काहीशी तीच कथा आहे. या भिंगाला आपण बोलण्यात कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतो. ग्रंथांत स्पर्शभिंग हा शब्द आढळतो. चष्म्याचा नंबर कळला म्हणजे काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक नंबर हे अर्धेच काम होय. भिंग डोळ्यावर कोठे टेकते, कोठे तरंगते, पापणी मिटताच किती सरकते व किती फिरते, हे पाहिल्यावाचून उरलेले अर्धे काम पुरे होत नाही.

हा धडा शास्त्रज्ञांना प्रारंभीच मिळाला. १८८८ साली झुरिच येथील डॉक्टर आडोल्फ फिक यांनी काचेची वाटीसारखी भिंगे प्रथम सशांच्या, नंतर स्वतःच्या व शेवटी रोग्यांच्या डोळ्यांवर बसवून पाहिली. दृष्टी सुधारली, परंतु ती भिंगे फार तर दोन तास सोसवत. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील कील येथे ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी स्वतःच्याच डोळ्यांवर प्रयोग केला. त्याला दूरचे फारच कमी दिसे. भिंगाने दिसू लागले, तरी अर्ध्या तासात वेदना असह्य होई. अडचण नंबराची नव्हती. काच डोळ्याच्या घडणीशी जुळत नव्हती आणि तिच्याखाली अश्रूंची ये-जा होत नव्हती. पुढे बुडापेस्टचे डॉक्टर जोसेफ डालोस यांनी जिवंत डोळ्याचे साचे घेऊन त्याबरहुकूम काच घडविण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे ही वाट सुकर झाली. १९४८ साली अमेरिकेत केविन टूही यांनी केवळ बुबुळापुरते लहान असे प्लॅस्टिकचे भिंग काढले. आणि १९६१ च्या नाताळात प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातील जोडसाहित्य व सायकलचा डायनामो यांचे यंत्र जुळवून, घरातच पहिली मऊ भिंगे ओतली.

बसण्याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी डोळ्याची रचना थोडी पाहू. डोळ्याच्या पुढील बाजूस घड्याळाच्या काचेसारखे जे पारदर्शक पटल असते, त्यास स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नाहीत; प्राणवायू ते मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या द्वारे घेते. भिंग घट्ट बसले तर अश्रू खेळत नाहीत आणि पटल गुदमरते. ते सैल असले तर प्रत्येक उघडझापीसरशी भटकते व दृष्टी अंधुक होते. शिवाय कडक भिंग आणि डोळा यांमधील अश्रूंचा थर हा स्वतःच एक भिंग बनतो. स्वच्छमंडलाच्या वक्रतेची त्रिज्या सरासरी ७.८ मिलिमीटर असते. भिंगाच्या आतील वक्रतेत ०.०५ मिलिमीटरचा फरक पडला, तरी नंबरात सुमारे पाव डायॉप्टरचा फरक होतो.

मग हे मोजतात कसे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेल्महोल्ट्झ यांनी एक युक्ती काढली होती. स्वच्छमंडल चकचकीत आरशासारखे असते. त्यात पडलेल्या प्रतिबिंबाचा आकार मोजला म्हणजे त्याची वक्रता कळते. १८८० साली पोर्तुगालचे प्लासिदो यांनी काळ्यापांढऱ्या वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरली. डोळ्यातील वर्तुळे वाकडी दिसली, तर पटलही वाकडे. आजची यंत्रे याच तत्त्वावर हजारो बिंदू मोजून डोळ्याचा नकाशा काढतात.

नकाशा झाला, तरी प्रत्यक्ष भिंग घालून पाहावेच लागते. कडक भिंगाखालील अश्रूंत डॉक्टर फ्लुओरेसिन नावाचा रंग मिसळतात व निळा प्रकाश टाकतात. अश्रू साचले असतील तेथे हिरवी झळाळी दिसते. भिंग टेकत असेल तेथे काळोख. मऊ भिंगाच्या बाबतीत खालच्या पापणीने ते हलकेच वर ढकलून, ते किती सहज परत येते हे पाहतात. तिरप्या नंबराचे भिंग असेल, तर त्यावर एक बारीक खूण असते. ती खूण १० अंशांनी फिरली, तर त्या तिरप्या नंबराचा सुमारे तिसरा हिस्सा दोष शिल्लक राहतो. ३० अंशांनी फिरली, तर मूळच्या इतकाच दोष, केवळ दिशा बदलून, पुनः उभा राहतो. म्हणून भिंग किती अंशांनी फिरून स्थिरावते हे मोजून तितका हिशेब नव्या भिंगात आधीच धरतात.

या मोजमापाचे खरे मोल शंकुरूप स्वच्छमंडलाच्या रोग्यास ठाऊक असते. या विकारात पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. १८५४ साली इंग्लंडमधील लिव्हरपूलचे डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. बहुधा तो ऐन शिकण्याच्या वयात जडतो. वर्षातून दोनदा नंबर बदलतो, फळ्यावरील अक्षरांना सावल्या फुटतात, आणि मुलगा अभ्यासाची टाळाटाळ करतो असा घरच्यांचा समज होतो. आपल्याकडे हा विकार दुर्मीळ नाही. नागपूरनजीकच्या खेड्यांत तीस वर्षांवरील सुमारे ४,७०० लोकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. वक्रतेच्या मापावरून पाहता शंभरात दोघांहून थोड्या अधिकांत तो आढळला.

अशा डोळ्यास पुष्कळदा चष्मा पुरत नाही. तेव्हा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारे व वेड्यावाकड्या पटलावरून कमानीसारखे जाणारे मोठे भिंग देतात. कमानीखालची पोकळी प्रकाशाच्या साहाय्याने मोजतात. ती मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते. काही तासांत भिंग थोडे खाली रुतते, म्हणून माप पुनः घ्यावे लागते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत अशी विशेष भिंगे बसविली जातात.

एवढे करूनही सूक्ष्म दोष उरतात. डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशलहरींची वाकडी घडी मोजण्याची रीत १९९४ साली जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केली. त्या दोषाची उलट प्रतिकृती भिंगावर कोरली तर तो नाहीसा होईल, हे उघड आहे. तथापि येथेच खरी मेख आहे. मोठे भिंग बाहुलीच्या मधोमध क्वचितच बसते. बहुधा ते किंचित खाली व कानाच्या बाजूस झुकते. दुरुस्ती भिंगाच्या मध्यावर कोरली, तर ती बाहुलीसमोर न येता बाजूस पडते आणि दृष्टी सुधारण्याऐवजी बिघडू शकते. म्हणून प्रथम खुणा केलेले नमुन्याचे भिंग घालतात, ते किती सरकले व किती फिरले हे टिपतात, आणि ज्या जागी बाहुली खरोखर येते त्याच जागी दुरुस्ती कोरतात.

यातून आपण घरी काय शिकावे? चष्म्याच्या चिठ्ठीवरील नंबर सांगून बाजारातून भिंग आणू नये. निव्वळ शोभेचे रंगीत भिंगही नाही. दुसऱ्याचे भिंग कधी घालू नये. डॉक्टरांनी तशी मुभा दिल्यावाचून ते घालून झोपू नये, व नळाच्या पाण्याने ते धुऊ नये. डोळा लाल झाला, दुखू लागला वा धूसर दिसू लागले, तर भिंग तत्काळ काढून डॉक्टरांकडे जावे. मुलाचा नंबर वारंवार बदलत असेल किंवा तो डोळे सतत चोळत असेल, तर नुसता नवा चष्मा करून थांबू नये. पटलाचा नकाशा काढण्याविषयी विचारावे. आणि तपासणीस जास्त वेळ लागला, डॉक्टरांनी चार दिवसांनी पुनः बोलाविले, तर त्रागा करू नये. भिंगाखाली काय चालले आहे, हे ते भिंग घालणाऱ्यास स्वतःला दिसत नाही. ते दुसऱ्याने पाहून मोजावे लागते.